दूधसागर आणि शेततळे

चांदवडला पाणी पाहायला कोणी जात नाही; पाणी आले की नाही, हे पाहायला जातात. सातमाळ्याच्या रांगेला पाठ टेकून बसलेले हे गाव पर्जन्यछायेत येते. इगतपुरी-त्र्यंबकच्या माथ्यावर कोसळून हलके झालेले ढग आमच्यापर्यंत पोचतात, तेव्हा त्यांच्याजवळ सावलीखेरीज देण्यासारखे फारसे उरलेले नसते. श्रावणात चार दिवस डोंगराच्या कड्यांवरून पांढऱ्या धारा उतरतात. राहूड घाटातून जाणारे मालमोटारवालेही मान वळवून त्या पाहतात. पाचव्या दिवशी तेथे काळ्या कातळावर ओला डाग असतो आणि आठव्या दिवशी तोही नसतो. अशा गावी राहणाऱ्या माणसाने धबधब्यात पोहून येण्याविषयी लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. मलाही ते वाटले होते.

याला निमित्त झाले आमचे नाना. नाना हे आमच्या शेजारच्या मळ्यातले कांदा आणि द्राक्षे पिकवणारे शेतकरी. वय पासष्टीच्या घरात. शरीर अजून बाभळीच्या गाठीसारखे. त्यांच्या धाकट्या मुलाने नाशिकला हॉटेल-व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम केला आणि तो मुंबईहून सुटणाऱ्या एका पर्यटन-नौकेवर खोल्यांची व्यवस्था पाहणाऱ्या विभागात नोकरीस लागला. नौकेवरील कामगारांच्या नातलगांना काही सवलतीच्या जागा मिळतात. त्यातल्या दोन जागा मुलाने आई-वडिलांसाठी मागून घेतल्या. आईने समुद्राचे नाव काढताच हात जोडले. तेव्हा नाना माझ्याकडे आले आणि म्हणाले, "फादर, पोरगं बोलवतंय. एकट्यानं कुठं जाऊ? समुद्र टीव्हीतच पाहिलाय. तुम्ही संगं असले म्हंजे बोलायचं तरी कोणाशी हा प्रश्न नाही." अशा रीतीने २०२३ सालच्या नोव्हेंबरात, पावसाने ओढ दिलेले वर्ष सरत असताना, आम्ही दोघे मुंबईच्या बॅलार्ड पिअरवर जाऊन उभे राहिलो. आमच्या शेजारचे मालेगाव आणि येवला हे तालुके त्याच सुमारास शासनाने दुष्काळग्रस्त म्हणून जाहीर केले होते. ही गोष्ट आम्ही दोघेही जाणत होतो आणि त्या पाच-सहा मजली झगमगत्या जहाजाकडे पाहताना दोघेही ती बोलून दाखवीत नव्हतो.

मुंबई ते गोवा हा जलमार्ग मराठी माणसाला नवा नाही. एके काळी कोकणची बोट ही लाखो चाकरमान्यांची जीवनवाहिनी होती. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले असे थांबे घेत ती पणजीला पोचे. बंदरात धक्का नसे; उतारू पडावातून किनाऱ्यास लागत. ट्रंका, वळकट्या, आंब्याच्या पेट्या, ओकाऱ्या आणि भजने यांनी डेक गजबजलेला असे. त्या प्रवासात समुद्र हा मधला अडथळा होता, आणि तो किती निष्ठुर होऊ शकतो हे १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली तेव्हा सहाशेहून अधिक घरांना कळले. पुढे रस्ते झाले, कोकण रेल्वे झाली आणि बोट गेली. २०१८ मध्ये 'आंग्रिया' नावाची नौका पुन्हा या मार्गावर आली, पण ती फार काळ चालली नाही. आताच्या नौकांवर कोणी गावी जायला चढत नाही. पूर्वीचे बंदर हे उतरण्याचे ठिकाण होते. आजचे बंदर हा दोन जेवणांमधला विसावा आहे. सकाळी उतरायचे, काहीतरी पाहायचे आणि सायंकाळी शिडी वर ओढण्यापूर्वी परतायचे. ही 'बंदरातील दिवसाची सहल' म्हणजे पर्यटन-नौकांच्या जगातले एक स्वतंत्र शास्त्रच आहे. कॅरिबियन बेटांपासून इंडोनेशियापर्यंत उष्ण प्रदेशातील कोणत्याही बंदरात जा, तेथे एक धबधबा, त्याच्या पायथ्याशी एक डोह आणि त्यात डुंबणारे पाहुणे हमखास भेटतात.

गोव्यातील मुरगाव बंदरात उतरणाऱ्यांसाठी असा धबधबा म्हणजे दूधसागर. बंदर आणि धबधबा यांचे नाते आजचे नाही, हे मला तेथे जाण्यापूर्वी वाचनातून कळले होते. पोर्तुगीज आणि इंग्रज सरकारांत १८७८ साली करार झाला आणि मुरगावचे बंदर घाटमाथ्याशी जोडणारा लोहमार्ग आखण्यात आला. १८८८ च्या सुमारास तो कॅसलरॉकपर्यंत पुरा झाला. घाट चढताना हा मार्ग दूधसागराच्या अगदी अंगावरून, पुलावरून जातो. म्हणजे धबधब्याचे जे चित्र आज देशभर ओळखीचे झाले आहे, त्यातली ती आगगाडी मूळची प्रवाशांच्या मौजेसाठी आलेली नाही. ती घाटावरचा माल मुरगावच्या जहाजांपर्यंत नेण्यासाठी आली. २०१३ साली एका हिंदी चित्रपटात हे दृश्य झळकले आणि तेव्हापासून तेथील गर्दीला मोजमाप राहिले नाही.

सकाळी आठच्या सुमारास आम्ही नौकेवरून उतरलो. शिडीपाशी नानांचा मुलगा स्वच्छ पांढऱ्या गणवेशात उभा होता. "नाना, पाण्यात जपून. तिथं विहिरीसारखं नसतं," एवढेच तो म्हणाला आणि लगेच दुसऱ्या एका वृद्ध बाईंची पिशवी उचलायला वळला. मडगाव, सावर्डे, कुळे असा साठ-सत्तर किलोमीटरांचा रस्ता. कुळ्याला मोटार सोडून वनखात्याच्या नियमानुसार स्थानिकांच्या जीपमध्ये बसावे लागते. भाड्यातच प्रत्येकाला एक केशरी जाकीट मिळते. ते अंगात घातल्याखेरीज पाण्यात पाऊल टाकू देत नाहीत. पुढचे दहा-बारा किलोमीटर भगवान महावीर अभयारण्यातून जातात. वाटेत ओढे आडवे येतात आणि जीप सरळ पाण्यात शिरते. पाणी दाराच्या फळीपर्यंत येते, प्रवासी आनंदाने ओरडतात आणि चालक, ज्याला हे दिवसातून अनेकदा करावे लागते, निर्विकारपणे पुढे पाहत राहतो. नाना मात्र प्रत्येक ओढ्याला मान बाहेर काढून पाणी कोठून येते आणि कोठे जाते, हे पाहत होते. तिसऱ्या ओढ्यापाशी ते म्हणाले, "फादर, नोव्हेंबर हाय. आपल्याकडं या दिसांत विहिरीच्या कठड्यावर वाकून बघावं लागतं."

जीप थांबते तेथून दगडधोंड्यांतून पाच-दहा मिनिटे चालावे लागते. प्रथम आवाज येतो. मग हवेत गारवा येतो. मग झाडे बाजूला होतात आणि तो समोर उभा राहतो. सुमारे ३१० मीटरांवरून, चार टप्प्यांत, पाणी उतरते. खरे म्हणजे उतरते असेही वाटत नाही. डोळा स्थिर केला तर पाणी जागच्या जागी उभे आहे आणि डोंगरच वर चालला आहे असा भास होतो. येथे एक लोककथा सांगतात. डोंगरावरच्या राजवाड्यातील राजकन्या तळ्यात स्नान करून सोन्याच्या कलशातून दूध पीत असे. एकदा झाडांआडून एक राजपुत्र पाहत आहे असे दिसताच तिने कलशातील दूध पुढे ओतले आणि त्या दुधाच्या पडद्याआड आपली लज्जा राखली. कथा सुंदर आहे. मला तीत विशेष वाटले ते असे की, हे सौंदर्य पाहणाऱ्याला दाखवण्यासाठी जन्मलेले नाही, झाकण्यासाठी जन्मलेले आहे. शेकडो भ्रमणध्वनी ते टिपत असताना ती राजकन्या अजून आडच उभी असेल.

आता पोहण्याविषयी. चांदवडकडचा माणूस नदीत पोहायला शिकत नाही. तो विहिरीत शिकतो. पाठीला वाळका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून बाप पोराला विहिरीत सोडतो, आणि आठ दिवसांनी डबा सुटतो. नाना पट्टीचे पोहणारे. तरुणपणी साठ फुटांवरून सूर मारीत, असे गावातले लोक अजून सांगतात. डोहाच्या काठी उभे राहून त्यांनी जाकिटाचे पट्टे हाताने चाचपले. आमच्या जीपमधील दोन तरुण शेजारी उभे होते. त्यांतला एक म्हणाला, "काका, तुम्हांला पोहता येतं ना? मग काढून ठेवा की. फोटोत बरं दिसत नाही." त्याने स्वतःचे जाकीट काढलेही होते. तेवढ्यात खडकावरच्या जीवरक्षकाने शिट्टी फुंकली आणि हाताने खूण केली. तरुण नाराज झाला. नाना त्याच्याकडे वळून अगदी शांतपणे म्हणाले, "बाळा, घाल ते. मी पोहणाराच हाय. मागच्या उन्हाळ्यात मीच एक पोरगं काढलं पाण्यातून. आवाज नव्हता त्याच्यात." तरुणाने मुकाट्याने पट्टे आवळले.

ही घटना मला ठाऊक होती. नानांच्या तोंडून मात्र मी ती प्रथमच ऐकत होतो. आमच्या भागातील एका गावी, सुट्टीत मामाकडे आलेला बारा वर्षांचा मुलगा शेततळ्यात उतरला. तळे खोल नव्हते फार, पण तळाशी आणि चारी बाजूंच्या उतारांवर जाड प्लास्टिक अंथरलेले असते. त्यावर शेवाळ धरते. आत गेलेल्या माणसाला पोहता येत असले तरी काठ धरता येत नाही. हात लावावा तेथून घसरतो. वर येण्याच्या धडपडीतच तो दमतो. बातमी कळताच नाना धावले, दोर कमरेला बांधून उतरले आणि पोराला बाहेर आणले. उशीर झालेला होता. त्या घरी मी सांत्वनाला गेलो होतो. त्या दिवसानंतर नाना विहिरीत उतरले नव्हते. दूधसागराच्या डोहात ते उतरले ते दीड वर्षानंतर.

पाणी थंडगार होते. उन्हातून आलेल्या माणसाचा श्वास एकदम आखडून जावा इतके थंड. आम्ही काठच्या दोरीच्या आत राहिलो. माझे पोहणे म्हणजे हातपाय हलवून तरंगण्याइतकेच. पण जाकिटाच्या आधारावर पाठीवर पडून वर पाहिले, तेव्हा तो सगळा पांढरा डोंगर तुषार होऊन तोंडावर येत होता, आणि शरीराला वजन उरले नव्हते. कानांत पाणी गेल्याने बाहेरचा कल्लोळ थांबला होता. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी काही काळ कोणाचाच फादर नसण्याचा, कोणाचेही काही देणे नसण्याचा तो अनुभव होता. आनंद हा शब्द मी प्रवचनांत पुष्कळ वापरतो. त्या पाच मिनिटांत तो वापरावा लागला नाही.

नंतर खडकावर बसून अंग पुसताना त्या जीवरक्षकाशी बोलणे झाले. गावचाच मुलगा, कोकणी मिसळलेल्या मराठीत बोलत होता. विहिरीतले पोहणे आणि धबधब्याखालचे पोहणे यांत फरक काय, हे नानांनी त्याला विचारले. त्याने जे सांगितले ते वाचकांनी ध्यानात ठेवावे असे आहे. विहिरीचे पाणी स्थिर असते. ते माणसाला पेलते. धबधब्याखालचे पाणी हवेने फेसाळलेले असते. फेस जितका दाट, तितके पाणी हलके आणि तितके त्याचे पेलणे कमी. चांगला पोहणाराही तेथे खाली जातो. शिवाय वरून पडणारे पाणी तळाशी जाऊन पुन्हा धारेकडेच वळते. त्या फिरत्या ओढीत सापडलेला मनुष्य काठाकडे हात मारतो आणि पाणी त्याला मागे नेते. खाली कोठे कपार आहे, कोठे ओंडका अडकला आहे, हे फेसामुळे दिसत नाही. आणि डोंगरावर, आपल्याला न दिसणाऱ्या ठिकाणी, पाऊस पडला तर पाणी वाढल्याची वर्दी पाणीच देते. ती पोचते तेव्हा निघायला वेळ उरलेला नसतो.

ही शेवटची गोष्ट पुढच्याच पावसाळ्यात महाराष्ट्राने पाहिली. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात सहलीला आलेल्या एकाच कुटुंबातील पाच जण, एकमेकांना घट्ट धरून उभे असताना, वाढलेल्या लोंढ्यात वाहून गेले. त्यांत मुले होती. ते चित्रीकरण घराघरांत पाहिले गेले. गोव्यातही २०२३ च्या जुलैत नेत्रावळी भागातील धबधब्यात दोघे बुडाल्यावर अभयारण्यांतील धबधब्यांवर प्रवेशबंदी घातली गेली. तरीही त्याच महिन्यात शेकडो तरुण रेल्वेच्या रुळांवरून दूधसागराकडे चालत निघाले आणि रेल्वे पोलिसांनी त्यांना उठाबशा काढायला लावल्या. लोक हसले. बंदी, शिट्टी, जाकीट, दोरी या साऱ्यांना आपण मौजेतील विघ्न समजतो. माझ्या मते ती कोणीतरी आधी भरलेल्या किमतीची पावती असते. प्रत्येक दोरीच्या मागे, ती दोरी नव्हती तेव्हाचा एक मुलगा असतो.

परतीची वेळ झाली तरी नाना पाण्याकडे पाहत बसले होते. "हे एवढं पाणी जातं कुठं?" त्यांनी जीवरक्षकाला विचारले. त्याने बोट करून सांगितले: ही दूधसागर नदी पुढे खांडेपार होते; ओपा येथे तिचे पाणी उचलून शुद्ध करतात आणि ते फोंडा आणि पणजीकडच्या नळांना जाते; उरलेले मांडवीला मिळते. नाना चकित झाले. "म्हंजे आपण लोकांच्या पिण्याच्या पाण्यात आंघोळ केली?" ते म्हणाले आणि काठावर पडलेल्या दोन रिकाम्या बाटल्या उचलून त्यांनी आपल्या पिशवीत टाकल्या. कोणी त्यांना सांगितले नव्हते. ज्याच्या गावी उन्हाळ्यात टँकरपुढे हंड्यांची रांग लागते, त्याला पाण्याची जात शिकवावी लागत नाही.

मांडवी म्हणजेच वरच्या अंगाची म्हादई. तिच्या पाण्यासाठी तीन राज्ये वर्षानुवर्षे भांडत आहेत. २०१८ च्या ऑगस्टमध्ये लवादाने निवाडा दिला, कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ अब्ज घनफूट पाणी वाटून दिले. तरी वाद मिटला नाही. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. कर्नाटकाचे म्हणणे असे की, हे पाणी समुद्रात वाया जाते, ते आमच्या कोरड्या जिल्ह्यांना द्या. गोव्याचे म्हणणे असे की, समुद्राला मिळणारे पाणी वाया जात नाही. त्यावर जंगल, खाडी आणि मासे जगतात. परतताना जीपमध्ये मी हे नानांना सांगितले. मला वाटले, ते कोरडवाहू शेतकऱ्याची बाजू घेतील, कारण आमचाही प्रश्न तोच आहे. दिंडोरी तालुक्यात मांजरपाड्याला पश्चिमेकडे वाहून जाणारे पाणी अडवून, बोगद्यातून पूर्वेकडे पुणेगाव धरणात वळवले, ते याच युक्तिवादावर. तेथून कालव्याने ते दरसवाडीकडे, म्हणजे आमच्या चांदवड तालुक्याकडे यावे, म्हणून आमच्याकडच्या लोकांनी एक आख्खे आयुष्य वाट पाहिली आहे. नाना बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मागायचा तर हक्क हाय. पण फादर, 'वाया जातं' आसं नाही म्हणायचं. आज पाहिलं ना आपण. वाया नाही जात ते."

लवादापुढे दोन्ही बाजूंनी विद्वान उभे राहिले असतील. त्या एका वाक्यात तहानेचा हक्क आणि पाण्याचा मान ही दोन्ही जशी राहिली, तशी ती मी दुसरीकडे ऐकलेली नाहीत. या अरण्यातून जाणारा लोहमार्ग दुहेरी करण्याच्या योजनेला दिलेली मान्यता सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या मे महिन्यात रद्द केली, त्यामागेही असाच विचार असावा. गरज खरी असली, तरी ती भागवण्यासाठी समोरच्याचे मोल शून्य ठरवावे लागत नाही.

सायंकाळी नौकेवर पोचलो. साऱ्या दिवसात धबधब्यापाशी आम्हांला मिळाले ते दीड तास. बाकी वेळ जाण्यायेण्यात गेला. तरी ते दीड तास आमचे होते. रात्री उशिरा, काम आटोपल्यावर, नानांचा मुलगा आमच्या खोलीत आला. त्याने विचारले, "कसा आहे?" तेव्हा आमच्या ध्यानात आले की, त्याने दूधसागर पाहिलेला नाही. मुरगावला तो पंधरा-वीस वेळा आला होता. धक्क्यावरच्या याऱ्या पाहिल्या होत्या, कोळशाचे ढीग पाहिले होते. नाना अवाक झाले. "इतक्यांदा येतो आन् एक दिवस सुट्टी नाही देत?"

मुलाने समजावून सांगितले. त्यात कोणाविषयी तक्रार नव्हती. नौका बंदरात असली तरी काही ठरावीक माणसे नौकेवर राहावीच लागतात. आग लागली, काही बिघडले, तर सुटका-नौका उतरवायला हात हवेत. कोणी राहायचे याची पाळी लागते. शिवाय पाहुणे बाहेर जातात तोच खोल्या झाडण्याचा, चादरी बदलण्याचा वेळ. आपत्तीच्या कवायतीही बहुधा बंदरातच होतात. उरलेल्या दोन-तीन तासांत जहाजावरचा माणूस धबधब्याला जात नाही. तो झोपतो, किंवा धक्क्यावर उभा राहून घरी फोन लावतो. खलाशी-कामगारांसाठी २००६ चा आंतरराष्ट्रीय करार आहे. भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती आणि प्रकृतीसाठी किनाऱ्यावर उतरण्याची मुभा, हे त्यात लिहिलेले आहे. मुभा मिळते, अंतर मात्र कराराने कमी होत नाही.

मला आपल्या समाजातील कितीतरी घरे आठवली. गोव्यात जहाजावर नोकरी करणाऱ्याला 'तारवटी' म्हणतात. मुंबईत धोबीतलावच्या आसपास त्यांच्या गावांचे 'कूड' अजून आहेत, जेथे दोन सफरींमधल्या दिवसांत त्यांच्या ट्रंका आणि त्यांच्या प्रार्थना एकाच खोलीत राहत. वसईच्या गावांतूनही मुले बोटीवर गेली. त्यांच्या बायकांनी सांभाळलेली घरे आपण पाहिली, परदेशी साबणाचा वास घेतला. त्या माणसांनी किती बंदरे केवळ धक्क्यावरून पाहिली, हे विचारले नाही. ग्लासगो येथे १९२० साली काही सामान्य प्रापंचिकांनी दर्यावर्दी लोकांसाठी सेवाकार्य सुरू केले आणि १९२२ मध्ये पोप अकरावे पायस यांनी त्याला मान्यता दिली. तेच आज 'स्टेला मारिस' या नावाने जगभरच्या बंदरांत चालते. त्यांचे धर्मगुरू आणि स्वयंसेवक नौकेवर जातात, तेव्हा पुष्कळदा एखादे सिमकार्ड नेतात, गावापर्यंत सोडायला मोटार नेतात. याचे महत्त्व मला त्या रात्री उमगले. ज्याच्यामुळे दुसऱ्यांचा दिवस मोकळा होतो, त्याला मोकळा तास मिळवून देणे, ही लहान सेवा नव्हे.

नाना मुलाला धबधबा सांगू लागले. मी नंतर छायाचित्रे दाखवली, पण मुलाने ती अर्धवट पाहिली. तो ऐकतच राहिला. "आपला राहूडचा डोंगर हाय ना, त्याच्या दुप्पट धर. आन् वरून कोणी टँकरचा व्हॉल्व्ह सोडून दिलाय. एक नाही, हजार टँकर. आन् खाली हंडा घेऊन कोणीच नाही. भांडण नाही, गलका नाही. पडतंय, पडतंय." मुलगा हसला. मग नानांनी जाकिटाची गोष्ट सांगितली, शिट्टीची सांगितली आणि त्या पोराची, ज्याला त्यांनी बाहेर काढले होते. मुलगा बापाचा हात धरून बसला. आईने घरी कधी ऐकले नसेल इतके नाना त्या रात्री बोलले.

चांदवडला परतल्यावर आठवडाभरात नानांनी एक काम केले. त्यांच्या मळ्यात द्राक्षांसाठी मोठे शेततळे आहे. आमच्या तालुक्यात अशी शेततळी पुष्कळ झाली आहेत. २०१६ च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेनंतर तर त्यांना वेग आला. त्यांनी बागा जगवल्या, यात शंका नाही. नानांनी आपल्या तळ्याच्या चारही बाजूंना, हातभर अंतरावर गाठी मारलेले जाड दोर काठावरच्या खुंट्यांना बांधून आत सोडले. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबमध्ये हवा भरून दोन ट्यूब दोरीला बांधून पाण्यावर ठेवल्या. भोवती काटेरी कुंपण होतेच; त्याच्या फाटकाला कुलूप आणले. खर्च म्हणाल तर एका वाफ्यातल्या कांद्याइतकाही नाही. मग ज्या घरचा मुलगा गेला होता, त्या घरी जाऊन त्यांच्याही तळ्याला दोर बांधून आले. मामाने दोराची एक बाजू धरली होती, असे मला कळले.

त्या उन्हाळ्यात मी रविवारच्या मिस्सानंतर शेततळ्याच्या दोरांविषयी बोललो. ग्रामसभेतही नानांनी विषय काढला. काहींनी बांधले, काहींनी 'बघू' म्हटले. नाना अजून सायकलवर दोराचे भेंडोळे घेऊन फिरतात. कोणाच्या तळ्यापाशी थांबले की आधी काठावर बसून पाण्याकडे थोडा वेळ पाहतात आणि मग मालकाला हाक मारतात.